धुतलेलं करडू

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार (कंबर धरल्यामुळे जेमतेम वाकून). तुझे गुडघे बरे असतील. भाऊजींचा खोकला थांबला असेल, आणि नसला तरी त्यांनी तो मान्य केला नसेल.

तू दिलेली शेळी परवा व्याली. दोन करडं, दोन्ही धडधाकट. पण दुसरं फारच चिकट आणि मळकट निघालं. जन्मभर लॉन्ड्री चालवणाऱ्या माणसाचे हात अशा वेळी स्वस्थ कसे बसतील? शेळी पहिल्याला चाटत होती तेवढ्यात मी दुसऱ्याला उचललं, कोमट पाण्यात सुगंधी साबणाने लख्ख धुतलं, टॉवेलने पुसलं (इस्त्री फिरवली नाही हेच नशीब, असं तुझी भावजय भेटेल त्याला सांगते आहे) आणि आईपुढे ठेवलं. तिने हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि ढुशी देऊन उडवून लावलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, शेळी पोराला वासाने ओळखते. तुम्ही तिची ओळखच धुऊन टाकलीत. पहिला चीक पोटात गेला नाही तर करडू वाचायचं नाही, हेही म्हणाले. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

पण मी हार मानणार नाही. शेळीला खुंट्याला बांधून चीक काढला (निम्मा माझ्या सदऱ्यावर) आणि बाटलीने पाजला. प्यालं गं. आता थोड्या थोड्या वेळाने पाजतो. त्याला पहिल्या करडाच्या अंगाला घासतो, तिच्याच दुधाने माखतो, तिच्यापुढे धरतो, आणि ढुशी बहुतेक वेळा मीच खातो. दुकान बंद आहे. गिऱ्हाईकं चुरगळलेल्या कपड्यांत हिंडताहेत, हिंडू देत. करडू माझ्या मागे मागे फिरतं, लेंग्याचं टोक चोखतं. भावजय म्हणते, करडासकट शेळी ताईंकडे पाठवून द्या. मुळीच पाठवणार नाही. आई घेत नसेल तर मी आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तर करडू दिसेना. गोठ्यात धावलो. बघतो तर स्वारी आईच्या कासेला, शेपूट हलवत, आणि ती त्याची पाठ चाटते आहे. मला रडूच आलं. भरलेली बाटली घेऊन बराच वेळ उभा होतो, कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. शेळीला आचळं दोनच. तुझ्याकडे एखादीला तीन करडं झाली, तर तिसरं माझ्याकडे पाठव. दुकान काय, उघडेन केव्हातरी.