आजीच्या नावाचा घास

प्रिय आई,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. गच्चीवर काय घडलं ते तुम्ही वरून पाहिलंच असेल, तरी माझ्या तोंडून ऐका. तुमच्या नणंदबाई, आत्या, सकाळपासून सगळ्यांना फोन करकरून भलतंच सांगत सुटल्यात! आई, मी जिंकले. तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुमच्या लाडक्या नातीला, मनूला, तुम्ही कसं भरवायचात! मोबाइलवर कार्टून लावायचं, ती आ वासून बघत बसली की घास आत. ताट संपलं तरी "आता यक आजीच्या नावाचा!" पोरगी मान फिरवायची, हाताने तोंड झाकायची. पण तुमच्या नावाला नाही कसं म्हणणार? तोही घास जायचा.

आणि "आमची मनू कशी गुटगुटीत हाय," म्हणत अख्ख्या सानपाड्यात मिरवायचात. इकडे जिना चढताना तिला धाप लागायची. डॉक्टर म्हणाल्या, वजन वयाच्या मानाने फार आहे, पोट भरलं की नाही ते तिचं तिला ठरवू द्या. तुम्ही काय केलंत? घरी येऊन मीठ-मिरच्या उतरवल्यात. म्हणे डॉक्टरीणबाईंचीच दृष्ट लागली! मी आधी हसले, मग आत जाऊन रडले. एवढं कसं कळत नव्हतं हो तुम्हाला?

मग एकदा तुम्हीच सांगितलंत. तुमचे वडील मिठागरात कामाला. भात कमी पडला की थोरली म्हणून तुम्ही "नको, पोट भरला" म्हणायचात आणि पाणी पिऊन झोपायचात. "पोर नको बोलतं ना दीपा, तवा ते खोटं बोलतं." त्यानंतर मला तुमच्याशी भांडताच आलं नाही.

तुम्ही गेल्यावर मात्र मी कंबर कसली. जेवताना मोबाइल बंद. तिचं ताट, तिचा हात. काय रडारड झाली घरात! तिने अर्धी भाकरी ठेवली की माझाच हात घास घेऊन तिच्या तोंडाकडे जायचा, आणि मी तो मागे घ्यायचे. संध्याकाळी बागेत हुंदडणं सुरू झालं. पण एक गोष्ट ती सोडेना. पोट तट्ट भरलं तरी शेवटी तुमच्या नावाचा घास स्वतःच तोंडात कोंबायची. तो मी कसा अडवणार होते?

काल गच्चीवर तुमचं पान ठेवलं. कबुतरं ढीगभर, कावळ्याचा पत्ता नाही. आत्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वयनीचा जीव नातीत अडकलाय. सुकवली हिने पोरीला. बोल दीपा, पयल्यासारखी भरवीन, मंग बघ कसा येतो कावला." सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक वाक्य बोलून सुटले असते. पण तुमच्या पानासमोर खोटं बोलू? नाहीच बोलले.

मनूला भूक लागली म्हणून मी तिला आधीच वाढलं होतं. ती अर्धा वडा घेऊन आली. "माझं पोट भरलं. हा आजीच्या नावाचा," म्हणाली आणि सरळ तुमच्या पानावर ठेवला! "अगो, उष्टा हाय त्यो!" आत्या किंचाळल्या. तेवढ्यात टाकीवरून कावळा उतरला. खीर नाही, भात नाही, नेमका तोच वडा उचलून उडाला!

मी टाळ्या वाजवल्या, आई! श्राद्धाला! आणि मनू त्याच्यामागे अख्खी गच्ची धावली. धाप नाही की काही नाही. डॉक्टरही परवाच म्हणाल्या होत्या, उंची वाढलीय, वजन आता वयाला साजेसं आहे.

पण खरी जीत दुसरीच आहे. तुमच्या घरातलं पोर आज "नको" म्हणतं आणि ते खरं असतं. हे मिठागरातल्या त्या थोरल्या पोरीचंही यश आहे, माझं एकटीचं नाही.

आत्यांना वचन हवं होतं ना? ते तुम्हालाच देते. मनूला भूक लागेल तेव्हा ताट भरलेलं असेल, आणि ती पुरे म्हणेल तेव्हा मी तिचं ऐकेन. तुमच्या नावाचा घास रोज निघेल, पण तो तुमचा, तिने खायचा नाही. पोटभर जेवा. आणि तुम्ही मात्र "नको" म्हणू नका. तुमच्या "नको"वर माझा काडीचा विश्वास नाही.

तुमचीच सून,
दीपा