भर समुद्रात सांगू नका

काराकोल, १२ नोव्हेंबर

चिरंजीव एलदियार,
अनेक आशीर्वाद. तुझं जहाज बुसानला लागेल तेव्हा हे पत्र कंपनीच्या कचेरीत तुझ्या हाती पडेल. इथे बर्फ पडायला लागला. सफरचंदं उतरवून झाली. दुकानाचं बरं चाललंय. घड्याळं दुरुस्त करून घेणारे म्हातारे अजून शिल्लक आहेत.

जाताना माझ्या मानेवरून बोलला होतास. तुझ्या आईने मला दवाखान्यात नेलंच. तिथल्या व्यायामाच्या बाई म्हणाल्या, जन्मभर घड्याळांवर वाकून डोकं खांद्यांच्या पुढे आलंय. मान झुकवायची नाही, हनुवटी सरळ मागे घ्यायची, कुणी तोंडाशी कढत चमचा आणल्यासारखी, आणि दहा म्हणेपर्यंत धरून ठेवायची. "तुमचं कासव झालंय," आई म्हणाली, "दुकान पाठीवर घ्यायचं तेवढं राहिलंय." रोज चहाआधी ती मला भिंतीशी बसवायची आणि आकडे मोजायची. हाताच्या मुंग्या गेल्या. मान खरंच सुधारली.

मग ती सातावरच थांबू लागली. मला वाटलं, माझी दया येतेय. एका सकाळी तर पाचावरच थांबली, तेव्हा मी वळून पाहिलं. खिडकीची चौकट धरून ती श्वास गोळा करत होती.

फुप्फुसात गाठ निघाली. पसरलेली.

तुला जहाजावर निरोप धाडता आला असता. मी निघालोही होतो. तिने बाही धरली. "भर समुद्रात सांगून काय करायचं? तो पोहत येणार आहे का? त्याचे पाय जमिनीला लागू देत, मग सांगा." मी तिला तसा शब्द दिला.

बाळा, आई सप्टेंबरात गेली.

रिवाजाप्रमाणे दाराबाहेर काठीवर वाकून आम्ही घरचे पुरुष रडत उभे होतो. माझ्याशेजारी तुझी जागा होती. शेजारचा मेदेत तिथे उभा राहायला आला; त्याला मी पलीकडे सरकवलं. लोक आले, गेले. ती जागा मी कुणाला दिली नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तुझे मामा म्हणाले, "पोराला न सांगता त्याची आई पुरलीत," आणि भाकरी न मोडता उठले. तेव्हापासून बोलत नाहीत. त्यांचं चुकलं, असं मला वाटत नाही.

तूही बोलणार नसशील तर समजेन. पण ते इथे येऊन, माझ्या तोंडावर सांग.

तिला दिलेला शब्द आज संपला.

तुझा,
बाबा