जीपमधला लांब ड्रॉवर

सुविधा,

मी डिचोलीला पोलिसांकडे चाललोय. केरीच्या त्या गिऱ्हाइकाच्या जीपमध्ये मी ड्रॉवर बसवले ना, त्यातला खालचा त्याने साडेचार फूट लांब करून घेतला. आत गादी, हवेला भोकं आणि कडी फक्त बाहेरून. कुत्र्यासाठी म्हणाला, म्हणून केलं. आज सकाळी केरीत चौकशी केली, तर त्याच्याकडे कुत्राच नाही.

दुपारी तो जीप न्यायला येईल. चावी माझ्याकडे आहे. दार उघडू नकोस. आपल्या गौरवीला शाळेतून परस्पर मावशीकडे ने. परवा तो तिला विचारत होता, "बाय, उंची किती गो तुझी?" ती लाजली, म्हणून मीच हसत सांगितली.

श्रीनाथ