काकूंच्या गोळ्या

२ नोव्हेंबर
आले एकदाची मुलुंडला! सातवा मजला, खिडकीतून डोंगर दिसतो, आणि मला वेगळी खोली. मानखुर्दला आम्ही पाचजण एका खोलीत झोपतो. रत्नप्रभाकाकूंच्या हाडांत कॅन्सर उतरलाय. त्यांना उचलणं, अंघोळ, गोळ्या, सगळं माझ्याकडे. काका जहाजावर असतात. मुलगी श्रुतिका कॉलेजात, माझ्याच वयाची. म्हणाली, ताई-बिई नको, नावाने हाक मार. काकूंनी विचारलं, सपना, जेवलीस का गं? पेशंटने असं पहिल्यांदाच विचारलं.

९ नोव्हेंबर
दुखणं थांबवायची गोळी वेळेवर देते, तरी काकू दुपारभर ओरडतात. आज डबीतली गोळी केमिस्टला दाखवली. व्हिटॅमिनची निघाली! श्रुतिकाला विचारलं तर हसली. खऱ्या गोळ्या ती घेते. टेन्शन जातं म्हणे. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी, ड्रग्ज थोडीच आहे? काकांना सांगितलंस तर तूच चोरल्यास म्हणेन, असंही म्हणाली.

१२ नोव्हेंबर
काकूंना उचलून कंबर गेली. श्रुतिकाने अर्धी दिली. झकास वाटलं. काकू ओरडत होत्या, पण शेजारच्यांचा टीव्ही लागलाय असं वाटत होतं.

२० नोव्हेंबर
दोघी रोज घेतो आता. डॉक्टर घरी आले तेव्हा मीच सांगितलं, गोळ्या पुरत नाहीत. त्यांनी वाढवून दिल्या. काकूंनी तोंड उघडलं, श्रुतिकाकडे बघितलं, आणि मिटलं. ते गेल्यावर तिचा हात धरून म्हणाल्या, "एक तरी दे गं मला." तिने हात सोडवून घेतला.

२४ नोव्हेंबर
गोळ्या संपल्या. घाम, उलट्या, हाडं पिळतात — काकूंना रोज असंच — नको तो विचार.

२७ नोव्हेंबर
नव्या आल्या. श्रुतिकाने मूठभर घेतल्या, वर झोपेच्याही. काकूंच्या पलंगाशेजारी गादीवर पडली. थोड्या वेळाने काकू किंचाळायला लागल्या. सपना, सपना! रोजचंच. मी दार ओढून घेतलं, माझ्या घेतल्या.

संध्याकाळ
आवाज थांबला म्हणून दार उघडलं. श्रुतिकाचे ओठ निळे. हात गार. काकू पलंगावरून खाली पडल्यात — सरपटत तिच्यापर्यंत — तिच्या तोंडात फुंकताहेत, अजून —
फोन करायला हवा. समोरच आहे. बोटं जड —
काकू माझ्याकडे बघताहेत. हाक मारत नाहीत.
जरा डोळे मिटते, मग लगेच —