सायकलला इंजिन बसवल्याची हकिगत

आदरणीय साडभाऊ धम्मरत्नजी यांस,

नागोरावचा सप्रेम जयभीम. साधनाबाईंना आणि घरच्या लहानमोठ्या सगळ्यांना मंगल कामना. तुमच्या कंबरेचं दुखणं आता कसं आहे? तेल चोळता की नुसती बाटली उशाशी ठेवता? आमच्याकडे नलूसकट सगळे ठीक आहेत. चैत्रात तुमच्या घराचं बांधकाम निघालं तेव्हा तुम्ही आमच्याकडे ठेवलेलं सामानही खुशाल आहे. लोखंडी पलंग, दोन कोठ्या, साधनाबाईंची शिलाई मशीन आणि भिंतीवरचं घड्याळ (तेवढं मी चालू ठेवलं आहे, बंद घड्याळ घरात बरं वाटत नाही). सगळं जागच्या जागी आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर समोरचा माणूस मध्येच प्रश्न विचारतो. पत्रात तसं करता येत नाही, शेवटपर्यंत वाचावंच लागतं.

पलीकडच्या गावातल्या विहारात वर्षावासात मी ग्रंथ वाचतो, हे तुम्हाला माहीत आहे. यंदाचं नववं वर्ष. आमच्या वस्तीत विहार नाही, म्हणून आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी चार किलोमीटर सायकल मारायची आणि परत यायचं. मधात एक चढ आहे. आठ वर्षं त्या चढाला मी ओळखतही नव्हतो. यंदा गुडघ्यानं ओळख करून दिली. पहिल्या पंधरवड्यात मला दोनदा उशीर झाला. दुसऱ्यांदा पोचलो तर माझ्या आसनावर इंद्रजित गुरुजी बसलेले. चष्मा पुसून ते इतकं स्वच्छ वाचत होते की बायका माना डोलावत होत्या. मीही मागे बसून ऐकलं. स्वच्छ वाचलं याचाच मला संशय आला. तयारीशिवाय असं वाचता येत नाही, आणि मला उशीर होणार हे त्यांना तयारी करण्याइतकं आधी कसं कळलं? दुसऱ्या दिवशी ठराव झाला की तिसऱ्यांदा उशीर झाल्यास वाचक बदलायचा. ठराव गुरुजींचा. अनुमोदनही त्यांनीच दिलं असतं, पण महिला मंडळाच्या दीपमालाबाई आधी बोलल्या. (त्याही का बोलल्या, हे मी अजून तपासतो आहे.)

तेव्हा मी सायकलला इंजिन बसवायचं ठरवलं. इंजिन होतं. लहानसंच, दोरी ओढून सुरू होणारं. गोविंदा वेल्डरनं मागचं कॅरिअर कापून तिथे लोखंडी पट्ट्यांची चौकट केली. इंजिनाच्या दांड्यावर एक रबरी चकरी बसवली, ती मागच्या टायरवर टेकली की टायर फिरतं. आधी पायडल मारून सायकल पळवायची, मग हँडलजवळचा खटका ओढून चकरी खाली सोडायची, असा बेत. वेल्डिंग करताना गोविंदानं इंजिनाकडे दोनदा पाहिलं आणि म्हणाला, “नागोभाऊ, हे इंजन मी कोठीतरी पाह्यलं.” मी म्हणालो, सगळी इंजिनं सारखीच दिसतात. तो म्हणाला, “माणसं बी तशीच दिसतेत, पन ओळखू येतेत न!” त्या दिवसापासून गोविंदावर माझी नजर आहे. चौकटीचा एक नटबोल्ट गायब झाला तेव्हा मी मनातल्या मनात त्याचंच नाव घेतलं. (तो माझ्याच खिशात निघाला. पण खिशात कोणी टाकला?)

पहिल्या दिवशी चकरी टायरवर टेकली, पण उचलली जाईना. मी घराला तीन फेऱ्या घातल्या. प्रत्येक फेरीला नलू दारात उभी राहून विचारायची, “काहून, उतरत नाही काय?” तिसऱ्या फेरीला मी सायकलसकट गुरांच्या कुटाराच्या ढिगात गेलो. पेट्रोल रबरी नळीनं ओढताना एक घोटही पोटात गेला आणि अर्धा दिवस डोकं गरगरत राहिलं. मी जन्मात नशा केली नाही. पंचशीलातल्या पाचव्या शीलाला तो घोट मोजायचा की नाही, हे कोणाला विचारायची हिंमत झाली नाही.

पण आठ दिवसांत जमलं. चढ आला तसा गेला. खरा त्रास पुढे सुरू झाला. मी पलीकडच्या गावात शिरलो की दारं लागायची. एकामागून एक, धाडधाड. बायका पदर नाकाला लावायच्या, पाण्याच्या गुंडांवर झाकणं पडायची, माणसं लेकरांना ओढून आत न्यायची. नऊ वर्षं ज्या लोकांनी मला चहा पाजला ते माझं तोंडही पाहायला तयार नव्हते. मला एकच कळत होतं, की यांना काहीतरी माहीत झालं आहे. दीपमालाबाईंनी तर सरळ विचारलं, “भाऊ, इंजन कुठलं हो?” मी म्हणालो, आर्णीचं. हे खोटं नाही, हे तुम्ही तरी मान्य कराल.

एका संध्याकाळी रुखमाबाई (वय ऐंशीच्या वर, पण आवाज विशीतला) काठी आडवी धरून रस्त्यात उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता गावासमोर सोक्षमोक्ष. त्या ओरडल्या, “काहून रे, रोज नुसता रस्त्यानंच धूर मारतं! माह्या गोठ्यात कायले नाही मारत? डासानं गाय फोडून खाल्ली माही!” तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या इंजिनाचा आवाज आणि मागे सुटणारा ऑइलचा पांढरा धूर पाहून सगळं गाव मला डास मारायची धुराची मशीन समजत होतं. मी समजावून सांगितलं. रुखमाबाईंना ते पटलं नाही. गोठ्याला एक फेरी मारायला लावूनच त्यांनी पुढे जाऊ दिलं. आता लोक दारं उघडून मला आत बोलावतात, आणि डास कमी झाले म्हणून विहारात माझे आभार मानतात. प्राणिहत्या करणार नाही असं मी रोज म्हणतो, आणि समोर बसलेले लोक प्राणिहत्येबद्दल माझे आभार मानतात. अशा वेळी माणसानं कुठे पाहावं?

तरी पहिलं शील मी कसंबसं निभावून नेतो. दुसऱ्याला, म्हणजे न दिलेलं घेणार नाही म्हणताना, मला खोकला येतो. रोज. नेमका त्याच जागी. आणि परवा गुरुजींनी वंदना सुरू व्हायच्या आधीच खिशातून खोकल्याची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. आधीच! खोकला यायच्या आधी गोळी देणारा माणूस साधा नसतो.

आज रविवार. बुधवारी पौर्णिमा, वर्षावासाचं समापन. शेवटचं प्रकरण मी वाचायचं की गुरुजींनी, हे त्या दिवशी मी वेळेवर पोचण्यावर आहे. एवढीच माझी इच्छा आहे, की नववं वर्ष माझ्याच तोंडून पूर्ण व्हावं.

सर्वांच्या आठवणीत असलेला,
तुमचा नागोराव

ता. क. सामानाच्या यादीत फवारणीचा पंप लिहायचा राहिला. राहिला नाही, मी लिहिला नाही. त्याची टाकी, पट्टे, नळी पोत्यात बांधून कोठीमागे आहे. इंजिन कुठे आहे ते तुम्ही वर वाचलंच. तूर फुलावर आली म्हणून पौर्णिमेनंतर पंप न्यायला येतो असं तुम्ही म्हणालात. आर्णी इथून अठरा किलोमीटर, पण टपाल यवतमाळ पाहून येतं, म्हणजे हे पत्र तुम्हाला शुक्रवारी मिळेल. हे मी मुद्दाम केलं आहे. रागावणं झालं की मग या.

ता. क. दुसरा. पत्र टपालात टाकलं नाही. नलूनं ते वाचलं आणि भिंतीला टेकून हसत बसली. म्हणते, तिनं साधनाबाईंना हे आषाढातच सांगितलं होतं, भाऊजींनी बॅटरीचा नवा पंप कधीचाच आणला, आणि ते म्हणाले होते, “पाहू, नागोराव सोताहून कधी सांगते!” म्हणजे दर फोनला तुम्ही “पंप बरा आहे न?” विचारायचात, मी हो म्हणायचो, आणि मागून हसण्याचा आवाज यायचा. मी समजत होतो तुमच्याकडे टीव्ही चालू आहे. साडभाऊ, साऱ्या गावावर मी संशय घेतला, एक तुम्ही सुटलात.

गोविंदा आर्णीला निघाला आहे, दारात उभा आहे, त्याच्याच हाती हे पाठवतो. (इंजिन कुणाचं, हेही त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं म्हणे. पंप इथे आला त्या दिवशी गाडीतून उतरवायला तोच होता.) आता खरी विनंती. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला विहारात या. वंदना सातला आहे. त्याआधी चारचौघांत मला एवढंच म्हणा, “नागोराव, इंजिन तुम्हाला दिलं.” मग दुसऱ्या शीलाला माझा आवाज कसा लागतो ते ऐका. गुरुजींची गोळी मी खाल्लेली नाही, कागदात बांधून ठेवली आहे. ती मला त्यांना परत द्यायची आहे.