ओट्यावर बसण्याचा हक्क

मी, प्रेमिला टेकचंद कटरे, वय अठ्ठेचाळीस, धंदा लाऊडस्पीकरवरून पुकारा करणे, राहणार मुर्री, तालुका व जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. ते कधीच नव्हते असे म्हणणाऱ्यांची नावे पुढे येतीलच. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला माझा भाऊ दोनदा आला होता. चहा पिऊन परत गेला.

लिहिण्याचे कारण असे की, सोमवारी नागपूरला माझ्या घशाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही." शिवाय वकीलसाहेबांनी सांगितले की, मी काही न लिहिता मेले तर माझे घर कायद्याने सौंदडच्या नवऱ्याकडे जाईल, कारण कागदोपत्री अजून तोच नवरा आहे. हे ऐकल्यावर मी त्याच पावली कागद विकत घेतले.

कलम १. मुर्री येथील दोन खोल्या, मागची विहीर व पुढचा ओटा ही मिळकत लीलाबाई रामटेके यांनी हयातीत मला रजिस्टर बक्षीसपत्राने दिली. ती माझ्या एकटीच्या मालकीची आहे. कशी मिळाली ते भाऊ विसरतो, म्हणून लिहिते.

सन २००० मध्ये मी सासर सोडून सौंदडला गाडीत बसले आणि गोंदियाला उतरले. गोंदियालाच का, तर गाडी तिथे संपत होती. स्टेशनाबाहेर लीलाबाई उकडलेले शिंगाडे विकत. संध्याकाळपर्यंत मी एकाच जागी बसलेली पाहून त्यांनी विचारले, "काऊन वो बाई, कोठी जायाचं हाये?"

मी म्हटले, माहीत नाही.

"मंग टोपली तरी उचलू लाग."

ती टोपली डोक्यावर घेऊन मी त्यांच्या मागे मुर्रीला आले. त्यानंतर एक पावसाळा आणि एक हिवाळा मी या ओट्यावर बसून काढला. काहीही केले नाही. वस्तीत प्रत्येकाजवळ माझ्यासाठी एक शिलाई मशीन तयार होती. बाईला काही सुचेनासे झाले की तिला मशीनवर बसवावे, असा आपल्याकडे समज आहे. लीलाबाई तेवढे विचारत, "जेवलीस का? मंग बसून राय." दुसरे कोणी टोकले की त्या म्हणत, "तुह्या ओट्यावर तं नाई बसली ना?"

माझा भाऊ दुर्गाप्रसाद मला न्यायला आला तेव्हा लीलाबाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. त्याने हात लावला नाही. बौद्धाच्या घरचे पाणी त्याच्या घशाखाली उतरत नव्हते. आता शहर मुर्रीपर्यंत आले आणि जागेला भाव आला, तर अख्खे घरच उतरायला तयार आहे.

कलम २. दोन भोंगे, अॅम्प्लिफायर व माइक मनिराम डोंगरे, साऊंडवाले, यांस द्यावे. वस्तीच्या एका कार्यक्रमात एक गृहस्थ माइकवरून देणगीदारांची नावे वाचत सुटले होते आणि तिकडे भात निवत होता. मी ओट्यावरून उठले, त्यांच्या हातातला माइक घेतला आणि म्हटले, "पंखे देणाऱ्यांची नावं पंख्याच्या पात्यांवर लिहिली आहेत. पंखा बंद केला की दिसतात. पहिले जेवून घ्या." लोक हसले. दुसऱ्या दिवशी मनिरामभाऊ दारात. "बाई, जीपमध्ये बसून असंच बोलाल का?"

मला मार्ग सापडला म्हणतात, तो एवढाच. पुढे मी नाटके पुकारली, मंडईच्या जत्रा पुकारल्या, पोलिओचे डोस पुकारले. निवडणुकीत सकाळी एका उमेदवाराला आणि दुपारी दुसऱ्याला "एकमेव आशास्थान" म्हटले. कोणीही तक्रार केली नाही.

हे सामान भाची खुशबूला मुद्दाम देत नाही. माझा धंदा तिच्या गळ्यात बांधायचा नाही.

कलम ३. नवरा नंदलाल यांस: निघताना मी तुमच्या घराचे दार उघडे टाकून आले होते. ते आता लावून घ्यावे. याखेरीज काही नाही.

कलम ४. कलम १ मधील घर माझी भाची खुशबू दुर्गाप्रसाद कटरे हिला. तिचे डी.एड. होईस्तोवर मास्तरांची भरती थांबली. त्यानंतर मिळतील त्या परीक्षा दिल्या, नापास झाली आणि आता नुसती बसून आहे. दुर्गाप्रसाद तिला चहाच्या कपासोबत रोज विचारतो, "का करून राह्यली? पुढं का ठरवलीस?" उत्तर येत नाही, म्हणून त्याने मुलगा पाहायला घेतला. परवा फोनवर पोरगी रडली, "आत्याबाई, मले काहीच समजून नाही राह्यलं."

समजू नये. तेवढा अधिकार मी तिला या कलमाने देत आहे. घरात आल्यापासून एक वर्ष तिला "पुढे काय" असे बापाने, पाहुण्यांनी, मुलगा पाहणाऱ्यांनी, कोणीही विचारू नये. विचारणाऱ्याला तिने ओट्यावरून उतरवावे. शिलाई मशीन भेट देण्यास सक्त मनाई आहे. जेवलीस का, एवढे विचारता येईल.

कलम ५. भाऊ दुर्गाप्रसाद यास लीलाबाईंचा पितळी तांब्या, तोच. त्याने तो या घरच्या विहिरीवर भरून पूर्ण प्यावा. त्यानंतरच त्याला लेकीच्या ओट्यावर बसता येईल.

कलम ६. वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते. बाकीची कलमे थांबतील. कलम ४ माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. खुशबू आज दुपारी पिशवी घेऊन आली. मी हे लिहिते आहे आणि ती बाहेर ओट्यावर बसली आहे. जेवली आहे, मी विचारले.

मी वाचले आणि आवाज गेला, तर पुढे काय करायचे ते मलाही ठाऊक नाही. तेव्हा कलम ४ मलाही लागू समजावे. ओटा दोघींना पुरतो. लीलाबाई आणि मी त्यावर बसत होतो.

(सही) प्रेमिला टेकचंद कटरे

आमच्यासमोर, शुद्धीवर असताना व मोठ्या आवाजात वाचून दाखवून सही केली:
१. शालिकराम बोरकर, निवृत्त पोस्टमन, मुर्री
२. सुलोचनाबाई गजभिये, शेजारीण (पहिली शिलाई मशीन यांनीच आणली होती. राग नाही.)

मुर्री, गुरुवार, दिनांक १३ फेब्रुवारी २०१४