प्लायवूडच्या पलीकडची ऊब

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचं पोट? (पोटाचंच विचारतो, कारण त्यांच्या डोक्याबद्दल विचारण्यासारखं आता काही उरलेलं नाही. का ते पुढे कळेल.) इकडे सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे बायको बोलते, दादा बोलत नाही आणि अंडी उबवायला ठेवली की उकडून निघतात.

मागे आला होतात तेव्हा आमची भांडणं ऐकून भाऊजींनी तोडगा काढला होता: दोन भाऊ, उबवणीच्या दोन पेट्या, मधे प्लायवूडची भिंत. काय तो न्याय! बाबांच्या वेळेपासून एका खोलीत सुखानं नांदणाऱ्या पेट्या त्यांनी हातातला चहा संपायच्या आत वेगळ्या केल्या, आणि उशीर होतो म्हणून तुम्ही निघून गेलात. मागे उरलो आम्ही दोघं, सुतार आणि बाबांचं ते उंच स्टूल. पेट्या वाटून झाल्या चुटकीसरशी, पण स्टुलावरून जी जुंपली ती थांबेना. दादाचं म्हणणं, मी बुटका, मला स्टूल लागतं. माझं म्हणणं, बाबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी मी या स्टुलावर बसलो होतो, तू नाही. तो म्हणाला, मी इथे पेटीतली अंडी फिरवत होतो, ती काय तू फिरवलीस? झालं. स्टूल माझ्याकडे आलं आणि दादाचं बोलणं बंद झालं. (मला त्याचं काही नाही. स्टूल भक्कम आहे.)

आता भिंतीचं ऐक. पेटीत एक स्टीलची काडी असते, तिला प्रोब म्हणतात, हे तुला माहीत आहे; लहानपणी तूच ती पुसायचीस. ती आतली ऊब मोजते, वायरीतून कंट्रोलरला कळवते आणि कंट्रोलर हीटर सांभाळतो. ऊब कमी झाली की टक, हीटर चालू. पुरेशी झाली की टक, बंद. भिंत घालताना सुतारानं दोन्ही प्रोबच्या वायरी मधेच सोडवून प्लायवूडच्या वरून घेतल्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही जुळ्या. त्यानं विचारलं, यातली कुठली कुणाची? मी माझ्या दारातून म्हटलं, त्याला विचार. दादा त्याच्या दारातून म्हणाला, त्याला विचार. बिचारा दोनदा इकडून तिकडे गेला, मग आपल्या मनानं जोड मारून जेवायला निघून गेला. तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला अंड्यांच्या दोन खेपा गेल्या.

पहिली खेप कोंबडीवाल्या मावशींची. कंट्रोलरवर आकडा कायम कमीच, हीटर धगधगतोय, आणि पेटीचं दार उघडावं तर भुवया भाजाव्यात. मी नवा कंट्रोलर आणून बसवला. तोही तेच दाखवायला लागला. मग इलेक्ट्रिशियनला बोलावलं. (त्याला इथे सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी कान लावतो.) पहिल्या भेटीत तो म्हणाला दमट हवा, दुसऱ्या भेटीत म्हणाला धूळ, आणि तिसऱ्या भेटीत, प्लायवूडकडे बघत, म्हणाला की या घरातलं वातावरणच बरोबर नाही. यातलं शेवटचं निदान खरं होतं, पण त्यावर त्याच्याकडे औषध नव्हतं. तोवर दुसरी खेपही उकडली. पलीकडे दादाची अंडी गारठून गेली, हे मला बायकोकडून कळलं, तिला वहिनीकडून. (त्या दोघी बोलतात. त्यांना कुणी स्टूल दिलेलं नाही.) मावशी ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "ही शेवटची अंडी. ही गेली तर पेटी विकून टाक रे बाबा, आणि दुसरं काही बघ." यातली अर्धी त्यांनी दादाकडेही तसंच बजावून ठेवलीत. म्हणजे बाबांचा धंदा आता दोन टोपल्यांवर टिकून आहे.

तेव्हा शेवटचा उपाय म्हणून प्रोब पेटीतून काढला आणि बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला. चांगला असेल तर आकडा धाडकन खाली यायला हवा. आकडा ढिम्म. आणि पलीकडे दादाच्या कंट्रोलरचा टक असा आवाज. मी काडी गरम पाण्यात घातली. पलीकडे पुन्हा टक. बर्फात, टक. गरम पाण्यात, टक. मग दादाचा आवाज आला, कंट्रोलरच्या सात पिढ्या उद्धरत होता. खोटं कशाला बोलू, बराच वेळ मी तसाच खेळत बसलो. भिंत झाल्यापासून दादा पहिल्यांदाच माझं ऐकत होता.

पण हसू ओसरलं तेव्हा घाम फुटला. माझी काडी दादाचा हीटर चालवते आणि त्याची काडी माझा. त्याची पेटी गारठली की माझा हीटर पेटतो, माझी तापली की त्याचा विझतो. म्हणजे माझी अंडी वाचवायची तर आधी दादाची ऊब सांभाळायला हवी! तेव्हापासून मी दोन पेले घेऊन बसलोय, एक बर्फाचा, एक गरम पाण्याचा. माझ्या कंट्रोलरवर दादाच्या पेटीची ऊब बघायची, त्याला कमी पडली की काडी बर्फात, पुरे झाली की गरम पाण्यात. जेवतोसुद्धा डाव्या हातानं. आणि दादा काय म्हणतो माहीत आहे? वहिनीला म्हणाला, बघ, माझी पेटी ताळ्यावर आली, याला हात लागतो, धाकट्याला तो नाही. मला राग येतो, ताई. वाईट वाटत नाही, राग येतो. ज्यानं बोलणं टाकलं त्याच्या अंड्यांवर मी पोरासारखा जीव लावून बसलोय, आणि श्रेय त्याच्या हाताला!

असो. भाऊजींना नमस्कार. त्यांना म्हणावं, पुन्हा कुणाकडे न्याय करायला गेलात तर चहा घेऊ नका.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं तर पत्र एवढ्याचसाठी. वायरींचा जोड दादाच्या बाजूला आहे, छताजवळ. तो सोडवून उलटा केला की संपलं. भाऊजींना सुचलं असं दाखवून तू त्याला लिही. माझं नाव काढू नकोस.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करत होतो तर माझ्या कंट्रोलरवरचा आकडा एकदम बर्फावर आला. पेटी अशी एका दमात गारठत नसते. म्हणजे पलीकडेही पेला आलाय. माझा हीटर टक. मीही काडी बर्फात घातली, त्याचा टक. त्यानं काढली, मी काढली. थोडा वेळ असं चाललं. मग प्लायवूडमधून आवाज आला, "धाकट्या, अंडी मरतील रे. माझा हात जोडाला पोचत नाही. स्टूल घेऊन ये." त्याचं दार उघडल्याचंही ऐकू आलं.

ता. क. तिसरा. जातोय. पण ताई, तू मोठी आहेस, हे तू त्याला आजच लिही: स्टूल फक्त जोडापुरतं आणलंय. काम झालं की ते माझ्याकडे परत आलं पाहिजे. आणि त्यानं स्वतः आणून द्यावं, वहिनीच्या हाती पाठवू नये.